दावा लागत नाही

“न्यायाधीशावर दावा लागत नाही, नीराबाई,” वकील पुन्हा म्हणाले, तरी माझी मोठी जाऊ खुर्चीवरून हलेना.

तिचा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर दादू, मिठागरात राबणारे. खाडीचं पाणी अडवणारा खारीचा बांध फुटला तेव्हा मुकादमाशी हातघाईवर आले आणि केस झाली. गुन्हा किरकोळ, जामीन द्यायलाच हवा असा. पण तालुक्याच्या न्यायाधीशाने जामीन नाकारून त्यांना तुरुंगात धाडलं. दम्याचा माणूस तो, तिथेच गेला. पुढे हायकोर्टाने तो आदेश बेकायदा ठरवला. ठरवून काय उपयोग? दीर काय उठून घरी येणार होते?

आमच्या गावकीत पंचाचा निवाडा चुकला, तर पंचाने त्या घरी जायचं, ओटीवर बसायचं आणि ‘माझं चुकलं’ म्हणायचं. नीराबाई तेवढ्यासाठीच हट्टाला पेटली होती. तिला वाटे, न्यायाधीश म्हणजे मोठा पंचच की.

वकिलांनी समजावलं, खुर्चीत बसून दिलेल्या आदेशासाठी न्यायाधीशाला कोर्टात खेचता येत नाही. खेचता आलं, तर उद्या धाकापायी कोणी निकालच देणार नाही. पटण्यासारखं होतं, म्हणून तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“दावा नको मना,” जाऊ म्हणाली. “आमचे ओटीवर येऊन चुकलो म्हनू दे. मंग मी गप.”

वकिलांनी फाईल मिटून बाजूला ठेवली.

तिथून घरी यायचं सोडून ती थेट त्याच न्यायाधीशाच्या कोर्टात शिरली. मी पदर ओढला, पण ऐकेल तर शपथ. मागच्या बाकावर बसून हळूच म्हणाली, “तो आमच्याकडं येत न्हाय ना? मी पन त्याच्यासाठी उठायची न्हाय.”

न्यायाधीश आले. सगळे उभे राहिले. खोटं कशाला सांगू, मीही उठले. ती मात्र बसूनच त्यांच्याकडे बघत राहिली. पट्टेवाला धावत आला आणि तिला दटावू लागला.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना काही ओळख पटली नाही.

“राहू द्या, वय झालंय त्यांचं,” ते मायेने म्हणाले. “आजी, बसा तुम्ही.”

नीराबाईला अजून पन्नाशीही लागली नव्हती. ती तशीच बसून राहिली, आणि पुढचा खटला पुकारला गेला.