चौकातलं झाड का रडलं

“तुमच्या सासूबाई या महिन्यात मधुमेहाच्या गोळ्या न्यायला फिरकल्याच नाहीत,” मेडिकलवाले काका म्हणाले होते. माझ्या एका हातात खोकल्याचं औषध, दुसऱ्या हातात खोकणारी छोटी. “असतील घरात शिल्लक,” म्हणत मी निघाले. एरवी छोटी शिंकली तरी मी थर्मामीटर शोधते. पण सासूबाईंची काळजी सासूबाई घेतात, अशी माझी समजूत.

त्याच आठवड्यात चौकातलं झाड रडू लागलं होतं.

तिथे नवं वाचनालय होणार म्हणून रस्त्याकडेच्या झाडांवर लाल फुल्या मारल्या होत्या. त्यांतल्या पहिल्याच झाडातून थेंब टपकू लागले आणि खाली वाट्या, पेले, बाटल्यांची झाकणं घेऊन गर्दी लोटली. एकाने बादली आणली होती. त्याला हावरट म्हणून मागे ढकललं.

स्टुलावर अश्रूबाबा बसले होते. परवापरवापर्यंत हे गृहस्थ याच झाडाखाली छत्र्या दुरुस्त करत.

“वृक्षमातेला मरण दिसलंय,” डोळे मिटून बाबा म्हणाले. “आईचे अश्रू गोड असतात. चाखा. सांधे, दमा, मधुमेह, नवऱ्याचा राग, सगळं जातं. फक्त पोटात दुसरं औषध गेलं की माता रुसते.”

मग त्यांनी काठीने फांदीवर टकटक केलं. “माते, जरा जास्त.” थेंबांची सर आली.

रांगेत सगळ्यात पुढे, स्टीलची वाटी घेऊन, आमच्या सासूबाई.

“आई, गोळ्या?”

“बंद केल्या. माता रुसते.”

“अहो, पण हे गोड आहे.”

“असणारच. सगळ्यांचे अश्रू तुझ्यासारखे खारट नसतात.”

घरी येऊन त्यांच्या बोटाला सुई टोचली. यंत्रावरचा आकडा भलताच वर गेलेला पाहून मी गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. सासूबाई शांत. “बाबा म्हणाले, साखर बाहेर पडताना आधी वर येते.” गोळीला मात्र त्यांनी हात लावला नाही.

सकाळी मी वाळत घातलेली चादर काढायला गेले, तर ती चिकट.

“आई, आपलं झाडपण रडतंय,” छोटी म्हणाली. “त्याला कोण ओरडलं?”

आमच्या गॅलरीवर वाकलेलं हे झाड मागच्या गल्लीतलं. त्यावर ना फुली, ना बाबा. मी फांदी ओढून पान उलटं केलं आणि छोटीच्या खेळातलं भिंग धरलं. पानाखाली हिरवे, टाचणीच्या टोकाएवढे किडे दाटीवाटीने बसले होते. मावा. हे किडे पानातला रस शोषतात आणि जास्तीचं साखरपाणी मागच्या बाजूने टाकून देतात. फांदी हलली की सगळ्यांचं एकदम खाली.

भिंग सासूबाईंना दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. एका किड्याने शेपूट उचललं, चमकता थेंब सोडला.

“म्हणजे मी आठवडाभर…”

“शू,” छोटीने मदत केली.

सासूबाई उठल्या, गोळी घेतली आणि भिंग पदराखाली धरून थेट चौकात गेल्या. मी छोटीला काखेत मारून मागे. वाटी भरून त्यांनी बाबांपुढे धरली. “आज आधी तुम्ही.”

“माझं पोट भरलंय.”

“थेंबभर घ्या.”

बाबा मागे सरकले. तोवर भिंग गर्दीत फिरू लागलं होतं. एका आजोबांनी पान पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. “अरे, तू तर दरवर्षी इथे बसून छत्र्यांवरचा चिकटा पुसायचास. तेव्हा माता कुठे होती?”

बादलीवाल्याने बादली गुपचूप पालथी केली. बाबांनी स्टूल मिटलं.

एवढ्यात कामावरचा मुकादम खुशीत पुढे आला. “म्हणजे रडत नाहीत ना? मग कापायला घेतो.”

“रडत नाही म्हणून कापायचं?” सासूबाई म्हणाल्या. “रडत तर तूही नाहीस.”

मुकादम साहेबांना विचारायला गेला, तो अजून विचारतोय. इमारत जरा मागे सरकवा, असं आम्ही सगळे रोज जाऊन सांगतो. झाड सावली देतं, एवढं कारण पुरे. त्याला अश्रू चिकटवायची गरज नाही. आणि वरून काही टपकलं, तर जिभेवर घेण्याआधी पान उलटून बघा.

एक काम आजच करा. तुमच्या घरातल्या, नाहीतर शेजारच्या आजींना “गोळ्या घेता ना?” असं विचारू नका, त्या हो म्हणतील. गोळ्यांचं पाकीट उघडून बघा.