चौदा वेळा ओलांडलेला रस्ता

माझी बायको गुरांची डॉक्टर आहे. गुरांशी ती फार गोड बोलते. तिचा सगळा गोडवा तिथेच संपतो आणि माणसांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. चार वर्षांपूर्वी तिने माझ्या वहिनीला, म्हणजे स्वतःच्या थोरल्या जावेला, भर पाहुण्यांत सुनावलं, "हे कुत्रं नाही, पिंप आहे. खायला घालून घालून मारताय तुम्ही त्याला."

वहिनी हातातलं ताट ठेवून उठली. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या बागेच्या फाटकाला कुलूप ठोकलं. आमचं घर एका टोकाला, गोठे दुसऱ्या टोकाला आणि मधे वहिनीची बाग. बागेतली वाट बंद झाल्यावर बायकोला मोठ्या रस्त्याने वळसा घालून जावं लागे. गोठ्यांकडच्या चिखलात तिच्या दोन स्कूटर निकामी झाल्या. तेव्हा तिने बेडूक आणला.

बेडूक म्हणजे फुगीर टायरांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी. रंग हिरवा, पुढे बटबटीत दिवे. ती सुरू झाली की माझ्या दुकानात कपाटातले चष्मे थरथरायचे.

नंबर घ्यायला आम्ही नोंदणी कार्यालयात गेलो. कारकुनाने बेडकाभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली.

"नंबर नाही मिळणार. ही रस्त्याची गाडीच नाही."

"मग काय पाण्यातली आहे?" बायकोने विचारलं.

"शेतातली, डोंगरातली. हे टायर डांबरावर धड पकड घेत नाहीत. सार्वजनिक रस्त्यावरून चालवायची नाही. फार तर रस्ता ओलांडता येईल. थांबून, दोन्हीकडे बघून, सरळ पलीकडे."

'ओलांडता येईल' हे शब्द तिच्या डोक्यात जाऊन बसताना मला स्पष्ट दिसले. इतकी वर्षं लोकांचे डोळे तपासतोय, एवढं कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. मागे मी, औषधांची पेटी मांडीवर घेऊन. रस्त्याशी आल्यावर तिने बेडूक थांबवला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि सरळ पलीकडे गेली. तिथल्या गवतातून पन्नास पावलं पुढे. पुन्हा थांबली, डावीकडे, उजवीकडे, अलीकडे. पुन्हा गवत. पुन्हा पलीकडे. मागून येणाऱ्या बसचा ड्रायव्हर आधी हॉर्न वाजवत होता, मग हसायला लागला, शेवटी त्याने कपाळावर हात मारून घेतला.

चौकातले मिशीवाले हवालदार हा प्रकार लांबून बघत होते. आम्ही जवळ पोचल्यावर त्यांनी हात आडवा केला.

"बाई, काय चाललंय हे?"

"रस्ता ओलांडतेय."

"चौदा वेळा?"

"पलीकडे गेलं की वाटतं, अलीकडेच बरं होतं."

हवालदार माझ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही तरी काही बोला."

"मी सामान आहे," मी म्हणालो.

त्यांनी सामानाचंही नाव लिहून घेतलं.

कोर्टात न्यायाधीशबाईंना सर्दी झाली होती आणि आमचं प्रकरण ऐकून ती वाढल्यासारखी दिसली. बायकोने नियम तोंडपाठ म्हणून दाखवला. थांबले होते, बघितलं होतं, सरळ गेले होते, यात गुन्हा कुठे?

बाईंनी नाक पुसलं. "ओलांडण्यात नाही. मधल्या गवतात आहे. रस्त्याची कड हाही रस्त्याचाच भाग. तुम्ही रस्ता चौदा वेळा ओलांडला नाहीत. नागमोडी का होईना, एकदाच रस्त्यावरून गेलात."

बायकोने चक्क मान डोलावली. लग्नानंतर हे मी प्रथमच पाहत होतो. मला न्यायव्यवस्थेबद्दल अपार आदर वाटला, पण तोंडावर मी तो दिसू दिला नाही. दंड झाला. वर ताकीद मिळाली, की पुन्हा रस्त्यावर दिसलात तर गाडी जप्त.

तिसऱ्याच दिवशी दुपारी गोठेवाल्याचा फोन आला. तांबडी गाय अडली होती, वासराचा एकच पाय बाहेर आला होता. बायकोने पेटी उचलली, मला मागे बसवलं, बेडूक सुरू केला आणि थेट वहिनीच्या फाटकाशी नेऊन उभा केला. वहिनी आत फांद्या छाटत होती. कात्री हातात घेऊनच ती पुढे आली.

"काय पाहिजे?"

"वाट."

"रस्ता आहे की सरकारचा."

"तिथे बंदी आहे मला."

"ऐकलं मी. छान बाई होत्या म्हणे न्यायाधीश."

"वहिनी," बायको म्हणाली, "त्या दिवशी मी डॉक्टर म्हणून बोलले होते."

"आणि मी मालकीण म्हणून कुलूप लावलं."

मी मधे पडणार होतो, पण कात्री बघून विचार बदलला. इतक्यात झाडांमागून कुत्रं धावत आलं. पिंप कुठलं, चांगलं सडपातळ! चार वर्षं अबोला धरून वहिनीने सल्ला मात्र मुकाट्याने पाळला होता. बायकोने तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला. तिने तोंड मिटलं. आमच्या संसारातली ही माझी सर्वांत मोठी कामगिरी.

"गाय कोणती?" वहिनीने विचारलं.

"तांबडी. पहिलटकरीण."

वहिनीने कमरेची किल्ली काढली. "आत अजून दोन फाटकं आहेत. तुला उघडायची नाहीत ती." असं म्हणून मला खाली उतरवून ती माझ्या जागेवर बसली. बागेपलीकडे रस्ता एकदाच लागतो. तिथे थांबून, बघून, सरळ ओलांडून दोघी गेल्याचं गोठेवाल्याने नंतर मला सांगितलं. वासराच्या पायांना दोर बांधून बायको आत हात घालून त्याला वळवत होती आणि वहिनी दोर ओढत होती. वासरू बाहेर आलं तेव्हा दोघीही शेणात बसलेल्या होत्या.

संध्याकाळी दोघी आमच्या स्वयंपाकघरात आल्या, डोक्यापासून पायापर्यंत बरबटलेल्या. मी चहा टाकला.

"साखर जास्त झाली," बायको म्हणाली.

"आणि दूध कमी," वहिनी म्हणाली.

तेव्हापासून दोघी रोज बोलतात. बहुतेक वेळा माझ्याविषयीच बोलतात.