घोटलेला उतार

मी एक जुना सिमेंटचा उतार आहे, मित्रांनो. तेलगावच्या बाजूला शेतकऱ्यांच्या एका सहकारी सोसायटीच्या गोदामापुढे मी पसरलेलो आहे. माझ्याइतका गुळगुळीत उतार पंचक्रोशीत नाही. ही फुशारकी आहे, पण ती मला शोभते.

बहात्तरच्या दुष्काळात माझा जन्म झाला. विहिरींनी तळ दाखवला होता. सोसायटीने गोदामाचे काम काढले आणि गावच्या बाया मला दगडाने घासायला बसल्या. काम संपले की हजेरी बंद, लेकरांना कामावर मिळणारी सुकडीही बंद. मग काम संपवणार कोण? मी आरशासारखा झालो तरी त्या घासतच राहिल्या. "आजून खरखर हाय, दादा," असे तरुण छबुबाई मुकादमाला सांगायची. मुकादम माझ्यावरून हात फिरवून मान डोलवायचा. त्याच्याही घरी लेकरे होती.

पुढे पाऊस झाला, खताची पोती आली आणि माझी फजिती झाली. हमाल पोत्यासकट घसरू लागले. मला गोणपाट पांघरावे लागले. मग सोसायटी थंडावली, गोदामाला कुलूप लागले. माझ्यावर शेळ्या बसायला येत, त्याही घसरत. फार वाईट वाटायचे मला.

मग छबुबाईची नात मनकर्णा पुण्याहून सुट्टीला आली, ती चाकांची फळी घेऊन. त्या फळीला स्केटबोर्ड म्हणतात. ती वरून सुटली आणि कुठेही न अडखळता खाली पोचली. तिने ते मोबाइलवर टिपून जगाला दाखवले. मग पुणे, बंगळूर, अगदी जपानहूनही मुले आली. फळी कडेवरून सरकावी म्हणून ती माझ्या कडेला मेणबत्ती घासतात. पडतात, हसतात, पुन्हा वर चढतात. स्केटबोर्डवाल्यांत तेलगावचा उतार म्हणजे एकदा तरी जाऊन यावे असे ठिकाण झाले.

यंदा सोसायटी पुन्हा सुरू झाली. चेअरमन सुंदरराव छिन्नीवाला गवंडी घेऊन आले. मला टाचून खरबरीत करायचे ठरले होते. मनकर्णाने हात जोडले.

"हमाल पडला तर कोन जबाबदार?" सुंदरराव म्हणाले. त्यांचेही खोटे नव्हते.

गवंड्याने छिन्नी टेकवली. तेवढ्यात काठी टेकत छबुबाई आली आणि सरळ माझ्यावर बसली.

"कावून टाचायलास रे सुंदर? तुझी आय हितंच, माझ्या बाजूला घासायची."

"आमची आय? कामावर?"

"पाटलाघरची सून ती. कुनी वळखू नये म्हनून पदर तोंडावर घ्यायची. सुकडी मातर तूच खाल्लीस. हमालांना पलीकडून पायऱ्या बांध की."

सुंदररावांनी चपला काढल्या, माझ्यावर पाय ठेवला आणि घसरून दाणकन खाली बसले.

"बघ," छबुबाई म्हणाली, "तुझ्या आयचा हात."

बसल्या जागी ते बराच वेळ माझ्यावरून तळवा फिरवत राहिले. मग गवंड्याला म्हणाले, "पायऱ्यांचं माप घे."

मित्रांनो, तुम्हीही या. आधी मला झाडून घ्या, खडा राहिला तर तुमचेच गुडघे फुटतील. छिन्नी तेवढी लावू नका. घासायचे तर चाकांनी हवे तितके घासा. त्या बायांनी धरलेले काम अजून संपलेले नाही.