आचाऱ्यांचा र

सत्तेचाळीस. मोडलेल्या दुव्यांचा हा आकडा मी स्वतः मोजला आहे. दोनदा मोजला आणि दोन्ही वेळा सारखाच आला, म्हणून लिहिते आहे.

मी आर्णीत माती तपासणीच्या एका प्रयोगशाळेत काम करते. शेतकरी पिशवीत माती आणून देतात, आम्ही सामू, नत्र, स्फुरद, पालाश काढून देतो. त्या नोंदींचे आलेख मी एका मोफत प्रोग्रामिंग लायब्ररीच्या मदतीनं काढते. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला कोड. तो कसा वापरायचा हे सांगणारी पानं त्याच्यासोबत येतात, आणि जगभरच्या लोकांनी ती आपापल्या भाषेत केली आहेत. मराठीतली अडतीस पानं एकट्या माणसानं केली. खेमसिंग सरांनी.

खेमसिंग सर पुसदला आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये परिचर होते. 'सर' फक्त आम्ही विद्यार्थी म्हणायचो. प्राध्यापक 'ए खेमसिंग, ती भिंगं पुस' म्हणायचे. भिंगं पुसून झाली की ते कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसत. तिथंच ते प्रोग्रामिंग शिकले, आणि इंग्रजी पानं पाहून पोरं पळतात म्हणून चार वर्षं बसून ती मराठीत आणली. मी जे शिकले ते त्याच पानांवरून शिकले. आता ते निवृत्त होऊन आर्णीपासून नऊ किलोमीटरवर आपल्या तांड्यात राहतात.

सोमवारी मला 'अपुऱ्या नोंदी' हा भाग पाहायचा होता, कारण अकरा नमुन्यांचं पालाश मोजायचं राहून गेलं होतं. दुव्यावर टिचकी मारली तर पान उघडलं, पण त्या भागापाशी गेलं नाही. वरच थांबलं. दुसरा दुवा, तेच. मग मी सगळे दुवे तपासणारा प्रोग्राम चालवला. तीनशे बारा दुव्यांपैकी दोनशे पासष्ट ठीक, सत्तेचाळीस मोडलेले.

लायब्ररीच्या चर्चेच्या पानावर गेले तर तिथं सूचना लागलेली होती. रविवारी नवी आवृत्ती निघणार. ज्या भाषेच्या पानांत एकही मोडका दुवा असेल, ती भाषा त्या आवृत्तीतून वगळली जाईल. खाली मराठी विभाग सांभाळणाऱ्या अक्षय नावाच्या पुण्याच्या मुलाचं मत होतं: 'पायर्या, दुसर्या, अपुर्या, अशा चुका जागोजागी आहेत. मूळ लेखकाची मातृभाषा मराठी दिसत नाही. असं भाषांतर ठेवण्यापेक्षा काढलेलं बरं.'

मी हे तीनदा वाचलं. मी पानं उघडली, आणि खरोखरच शीर्षकांत 'अपुर्या' होतं. य च्या डोक्यावर रफार. 'सूर्या'सारखा.

पण हे सरांनी लिहिलेलं नाही, हे मला त्याच क्षणी माहीत होतं. आमच्या प्रयोगवहीत कुणी 'दुसर्या' लिहिलं तर हा परिचर माणूस, ज्याचं ते कामच नव्हतं, पेन्सिलीनं गोल करायचा.

मंगळवारी सुट्टी झाल्यावर स्कूटीनं तांड्यात गेले. सर ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. रुपीबाई, त्यांच्या घरच्या, समोर बसल्या होत्या.

"काई वेगो, छोरी?" माझा चेहरा पाहून रुपीबाईंनी काय झालं म्हणून विचारलं.

"सरांची पानं काढून टाकून राह्यले, काकू. ते लायब्ररीतले लोक."

"लायब्ररीत पुस्तकं ठेवतेत म्हने. यायचं पुस्तक मी तं एक नाही पाह्यलं. चार वर्सं डोळे फोडले नुसते."

मी फोन पुढे केला. सरांनी चष्मा वर सारून वाचलं, फोन लांब धरून, जवळ धरून. मातृभाषेच्या ओळीवर थांबले.

"खरंच हाय हे तं," ते म्हणाले. "माही मायबोली गोरबोलीच हाय, आमची बंजाऱ्यायची. मराठी मी शाळेत गेल्यावर शिकलो."

"म्हणून तुमी 'पायर्या' लिवता काय?" मी चिडून म्हटलं.

"नाही व. थे मी लिवूच शकत नाही." ते हसले. "सांगू इले?" असं रुपीबाईंकडे पाहून विचारलं.

"सांगा. शंभर डाव सांगतली, अजून एक डाव."

आश्रमशाळेत सहावीत असताना वरणात मीठ फार पडलं, आणि मुलांच्या वतीनं तक्रार लिहायचं काम खेमसिंगकडं आलं. त्यांनी लिहिलं, 'आचार्यांनी वरणात मीठ जास्त टाकले.' त्यांना म्हणायचं होतं आचाऱ्यांनी, म्हणजे स्वयंपाक्यांनी. पण शाळेचे मुख्याध्यापक स्वतःला आचार्य म्हणवून घेत. त्यांनी साऱ्या शाळेसमोर कागद वाचला आणि विचारलं, "बाळ, मी कोणत्या वाराला मीठ टाकलं?" मग शंभर वेळा लिहायला लावलं, आचाऱ्यांनी, आचाऱ्यांनी.

"तवापासून थो आडवा र माह्या हातातून सुटत नाही," सर म्हणाले. "कॉम्प्युटरवर त्याले तीन कळा लागायच्या. र, मंग हलंत, मंग एक जोडणी. ते जोडणी डोळ्याले दिसत नाही. दिसत नाही, पन नसली तं र उडी मारून य च्या डोक्यावर बसते."

मी शेंग हातात धरून बसले. दिसत नाही, पण नसली तर. हे भौतिकशास्त्राच्या माणसाला सांगावं लागत नाही.

घरी आल्यावर मी पानांचा इतिहास उघडला. कुणी, केव्हा, कोणता बदल केला हे तिथं सगळं साठवलेलं असतं. सरांच्या मूळ पानांत प्रत्येक 'पायऱ्या'त ती न दिसणारी जोडणी होती. एकशे नव्वद ठिकाणी होती, एकाही ठिकाणी चुकलेली नव्हती. मग गेल्या मार्चमध्ये एक बदल: 'न दिसणारी अक्षरं साफ केली.' न दिसणाऱ्या अक्षरांत वाईट कोड लपवता येतो म्हणून ती काढून टाकणारी एक स्क्रिप्ट कुणीतरी लिहिली होती. तिनं सरांच्या जोडण्याही कचरा समजून झाडून नेल्या. शीर्षकं 'पायर्या' झाली. दुव्यांचे पत्ते मात्र टक्क्यांच्या चिन्हांच्या सांकेतिक रूपात होते, त्यांना स्क्रिप्टनं हात लावला नाही. ते बिचारे अजून 'पायऱ्या' शोधत होते, आणि त्या नावाचं शीर्षकच कुठं उरलं नव्हतं.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचं नाव अक्षय.

स्क्रिप्ट चुकू शकते. माझ्याही चुकतात. पण स्वतःच्या झाडूनं दुसऱ्याचं अक्षर मोडायचं, आणि वर त्याची मातृभाषा काढायची? तीन टिचक्यांवर इतिहास होता. त्यानं एकही टिचकी मारली नव्हती. त्याला नाव दिसलं खेमसिंग, चूक दिसली, आणि दोन्ही जोडायला त्याला कुठलीच जोडणी लागली नाही.

बुधवारी मी सगळ्या शीर्षकांत जोडणी परत घातली आणि बदल पाठवला, इतिहासातल्या पुराव्यासकट. अक्षयनं संध्याकाळी तो स्वीकारला. गुरुवारी सकाळी तपासलं तर मोडलेले दुवे पुन्हा सत्तेचाळीस. कुठलाही बदल स्वीकारला की त्याची स्क्रिप्ट आपोआप फिरत होती.

मी तसं लिहिलं. त्याचं उत्तर आलं: 'स्क्रिप्ट सुरक्षेसाठी आहे, एका भाषेसाठी बंद करता येणार नाही. तुमच्या दुरुस्तीचा उपयोग झाला नाही एवढंच दिसतं. ग्रामीण उच्चाराप्रमाणे लिहिल्यानं असे प्रश्न येतात. प्रमाण मराठी वापरावी.'

ग्रामीण उच्चार. मी उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. मला विचारायचं होतं की पुण्यात दऱ्या आणि दर्या एकच असतात का, आणि असतील तर सिंहगडावरून खाली पाहताना तुम्हाला समुद्र दिसतो का. शेवटी पाठवलं नाही. अपमानाला उत्तर द्यायला रविवारनंतर वेळ मिळणार होता, दुव्यांना नव्हता.

सरांना फोन केला तर ते म्हणाले, "जाऊ दे व बाई. तुये नमुने पाह्य. लोकायची माती वाट पाहून राह्यली असंन."

"माती कुठं जात नाही, सर."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी देवनागरीच्या सगळ्या अक्षरांचा तक्ता काढून एकेक अक्षर पाहायला लागले. मला न दिसणारी गोष्ट टाळून दिसणारा र हवा होता. आणि तो तिथं होता. खाली नुक्ता, म्हणजे टिंब, दिलेला ऱ, तक्त्यात र च्या शेजारीच, स्वतंत्र अक्षर म्हणून. हा ऱ, मग हलंत, मग य लिहिलं, की जोडणीशिवायच 'ऱ्य' तयार होतो. लपलेलं काहीच नाही, त्यामुळे स्क्रिप्टला झाडायलाही काही नाही. आपला फोन आज आपल्याला तोच देतो, आपल्याला माहीत नसतं इतकंच. सरांनी पानं लिहिली त्या जुन्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डला ती कळ नव्हती.

एकशे नव्वद ठिकाणी अक्षर बदललं, सत्तेचाळीस दुव्यांचे पत्ते नव्यानं लिहिले आणि शनिवारी सकाळी पाठवलं. दुपारी स्वीकारलं गेलं. स्क्रिप्ट फिरली. मी तपासणी चालवली. मोडलेले दुवे शून्य. विश्वास बसेना म्हणून प्रत्येक दुव्यावर हातानं टिचकी मारली, सत्तेचाळीस वेळा.

रविवारी आवृत्ती निघाली आणि मराठी पानं तीत होती. मी आनंदानं नव्या आवृत्तीची बदलांची यादी उघडली. अक्षयनं लिहिलं होतं: 'मराठी विभाग: सार्या पानांवरील लेखकाच्या चुका दुरुस्त केल्या.'

लेखकाच्या.

ही यादी हजारो लोक वाचतात आणि ती कायम राहते. म्हणजे पानं टिकली, आणि त्यांच्यावर कायमची पाटी लागली की ती लिहिणाऱ्याला लिहिता येत नव्हतं. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि तांड्याकडं निघाले. रस्त्यात कापसाच्या गाड्या होत्या, एकीच्या मागं पंचवीस मिनिटं अडकले, आणि ती सगळी पंचवीस मिनिटं मनात अक्षयला पत्र लिहीत होते.

सरांनी शांतपणे वाचलं.

"पानं राह्यली ना?"

"राह्यली. पण हे काहून सहन करायचं? इतिहासात धडधडीत लिवलेलं हाय कोणाची चूक ते. मी त्याले आज सोडत नाही."

"थांब." सर स्क्रीनजवळ झुकले. "थांब थांब. हे काय लिवलं यानं? सार्या?"

मी पाहिलं. 'सार्या पानांवरील.' य च्या डोक्यावर रफार. मी ही ओळ रागानं निदान दहा वेळा वाचली होती आणि 'लेखकाच्या'च्या पलीकडं माझं लक्षच गेलं नव्हतं.

"स्क्रिप्टनं उडवलं असंन," सर म्हणाले. ते अजूनही त्याला संधी देत होते.

मी तपासलं. बदलांच्या यादीवर स्क्रिप्ट फिरत नव्हती. त्यानं स्वतःच्या हातानं तसंच टाइप केलं होतं.

रुपीबाई चहा घेऊन आल्या. "काहून हासून राह्यले?" त्यांनी विचारलं.

"आचार्यांनी मीठ टाकलं," सर म्हणाले.

मग त्यांनी लॅपटॉप स्वतःकडं ओढला. दोन वर्षांत त्यांनी या लायब्ररीत एक अक्षर लिहिलं नव्हतं, पासवर्ड आठवायला चहा संपेपर्यंत वेळ गेला. मी त्यांना नव्या ऱ ची कळ दाखवली. त्यांनी ती दाबली आणि अक्षराकडं जरा वेळ पाहत बसले.

"एकच कळ?"

"एकच. मग हलंत आणि य."

"इतके दिवस कुठं होता हा?"

त्यांनी 'सार्या'चं 'साऱ्या' केलं. कर्सर पुढं नेला. 'लेखकाच्या' खोडून 'स्क्रिप्टच्या' लिहिलं. ओळ झाली: 'मराठी विभाग: साऱ्या पानांवरील स्क्रिप्टच्या चुका दुरुस्त केल्या.' बदल पाठवताना कारण लिहावं लागतं. मी सांगू लागले, त्यात मार्चचा पुरावा द्या, आकडा द्या, एकशे नव्वदपैकी एकही चूक नव्हती हे लिहा. सरांनी ऐकून घेतलं आणि दोन बोटांनी, एकेक कळ शोधत, दोनच शब्द लिहिले.

'किरकोळ शुद्धलेखन.'

अक्षयनं अकरा मिनिटांत ते स्वीकारलं. खाली काही लिहिलं नाही, ना चुकलं, ना माफ करा. मला ते अजून टोचतं, आणि त्याला लिहायचं पत्र माझ्याकडं तयार आहे. पण त्या दिवशी सर मला पाठवू देईनात. ते नवी फाइल उघडून बसले होते आणि एकाखाली एक लिहीत चालले होते, आचाऱ्यांनी, आचाऱ्यांनी. कळ नीट चालते की नाही ते पाहून राह्यलो, म्हणाले.