मोटारीवरची घोंगडी

मित्रांनो, सिंहासने मोडली, राज्ये बुडाली, पण माणसाला ऊब देण्याचे थोर कार्य युगानुयुगे लोकरीनेच केले आहे. मी एक जुनी घोंगडी आहे. हे थोर कार्य मी बारामतीजवळच्या अंथुर्णे गावात, विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीवर पडून सात वर्षे केले. थंडी वाजते अशी तक्रार मोटारीने कधी केली नव्हती.

बापूसाहेब आणि साखरबाई या जोडप्याच्या शेवटच्या मेंढरांच्या लोकरीतून माझा जन्म झाला. सणगराने मला मागावर विणले, चिंचोक्याची खळ पाजली आणि माझ्या काळ्या अंगावर दोन पांढरे पट्टे टाकले. पुढे मेंढरे विकली गेली, रानात ऊस आला आणि घरात वाघाचे चित्र असलेले मऊ ब्लँकेट आले. त्या वाघाने मला घराबाहेर काढले.

मग एका थंडीत तेबोहो आला. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या लेसोथो नावाच्या डोंगराळ देशातला हा साडेसहा फुटी मुलगा बारामतीला शेतीचे शिक्षण घेत होता. मराठी तो तिथल्या बाजारात शिकला होता. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना काही महिने शेतकऱ्याच्या घरी राहून काम शिकावे लागते, म्हणून त्याला बापूसाहेबांकडे धाडले. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ पडतो, असे त्याने पहिल्याच दिवशी सांगितले. बापूसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पोरगं गुणाचं आहे पण थापा मारतं, असे गावभर सांगितले.

दुसऱ्या सकाळी तो मोटार सुरू करायला विहिरीवर आला आणि मला पाहून थबकला. त्याने मला उचलून झटकले. एक पाल निघाली. तिला जाऊ देऊन त्याने मला खांद्यावर घेतले. त्याच्या देशात माणसे असे पांघरूण घेऊन लग्नालाही जातात, हे मला नंतर कळले. साखरबाईंनी माझे पट्टे आडवे करून दिले. त्याने ते पुन्हा उभे केले.

"उभं कशाला?"

"आडवं घेतलं की वाढ खुंटते, माझी आज्जी म्हणते."

"आन् किती वाढायचं हाय, बाबा? चौकट बदलायला लावतूस का?"

एरवी तो कमी बोलायचा. बारामतीत तीन वर्षांत शेकडो लोकांनी त्याच्याबरोबर फोटो काढले होते; घरी जेवायला एकानेही बोलावले नव्हते. हे त्याने साखरबाईंबरोबर शेंगा फोडता फोडता सांगितले, पाऊसपाण्याविषयी बोलावे तसे.

एका सकाळी फोन आला. त्याची आज्जी गेली. पुलेंग तिचे नाव. दफन दुसऱ्याच दिवशी. दोन विमाने आणि दिवसभराची बस, तो पोहोचणार नव्हता. तरी त्याने बॅग भरून दाराशी ठेवली. उद्या निघतो, आता जायचे ते कायमचे, शिक्षण पुरे, असे म्हणून तो मला पांघरून ओसरीवर बसला. रडला मात्र नाही.

साखरबाईंनी अर्धवट उकळलेला चहा उतरवला आणि गॅस बंद केला. "आज चूल पेटायची न्हाय. घरात सुतक हाय."

बापूसाहेब गोंधळले. "अगं, तिचं नि आपलं गोत काय? सुतक समुद्र वलांडून येतं व्हय?"

"पोरगं आलं न्हवं वलांडून? त्येच्या मागनं आलं."

सुतकातल्या माणसाने तीन दिवस गाव सोडायचे नसते, हा नियमही साखरबाईंनी उभ्या उभ्या तयार केला.

चूल बंद असलेल्या घरी शेजाऱ्यांनी भाकरी आणायची, ही आमच्याकडची रीत. दुपारी शेजारच्या प्रयागबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या. कुठला देश, किती लांब, काही विचारले नाही. मयताचे नाव तेवढे विचारून घेतले, दोनदा हळू म्हणून पाहिले, आणि मग तेबोहोशेजारी बसून, पदर तोंडाला लावून त्या रडल्या. "पुलेंगबाई, नातवाला न भेटताच गेलीस गं."

तेव्हा तो रडला. लोकर पाणी धरून ठेवते, मित्रांनो. मी ते संध्याकाळपर्यंत धरून ठेवले.

तिसऱ्या दिवशी दुखवट्याची म्हणून बापूसाहेबांनी त्याला टॉवेल-टोपी दिली. टोपी डोक्यावर बसेना. तेबोहो त्यांना म्हणाला, "आबा, मला ही घोंगडी द्या."

"आरं, ती मोटारीवरची हाय."

"मोटारीला दुसरं काहीतरी घालू."

बापूसाहेबांनी बायकोकडे पाहिले. त्यांच्या मेंढरांची मी एवढीच खूण उरले होते. साखरबाईंनी माझ्या पट्ट्यांवरून एकदा हात फिरवला.

"द्या त्येला," त्या म्हणाल्या. "मेंढरं काय मोटारीसाठी राखली न्हवती."

तेबोहो उठला. भरलेली बॅग तळापर्यंत उपसून त्याने आपला रेनकोट काढला आणि मोटारीवर घालून आला. ती बॅग परीक्षा होईपर्यंत पुन्हा भरली गेली नाही.

आता तो पदवी घेऊन आपल्या देशी आहे आणि मी त्याच्या खांद्यावर. त्याने बर्फाचा फोटो बापूसाहेबांना पाठवला. ते म्हणाले, कापूस चांगला आलाय. इथे त्याला अंथुर्ण्याची आठवण येते. शेजारी कुणी गेले, की तो पिठलं करून घेऊन जातो. लोक अजून जरा जपूनच घास घेतात.

मित्रांनो, परमुलखातून आलेल्या मुलाबरोबर फोटो जरूर काढा. पण नंतर त्याला जेवायला बोलवा, आणि त्याच्या माणसांची नावे विचारून ठेवा. नाव माहीत नसले, की वेळेला नीट रडता येत नाही.

बाकी माझे बरे चालले आहे. फक्त एका कोपऱ्याला लोकर खाणारी कसर लागली आहे, आणि या डोंगरात कडुनिंब नाही. तिकडून कुणी इकडे निघालेच, तर मूठभर पाला आणावा. वाळलेला चालेल.