आधी रोक्का, मग हँडल

मित्रांनो, मी मोटारीचे एक जुने हँडल आहे. आता मी जे सांगणार आहे, त्यावर बेळगावपासून निपाणीपर्यंत एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. तुम्हीही ठेवू नका. नुसते ऐका.

माझा जन्म बेळगावच्या खासबागेतला. ज्योतिबा लोहाराने मोडक्या बैलगाडीचा आस भट्टीत घातला, दोन ठिकाणी वाकवला आणि मला घडवले. पहिल्याच दिवशी मला मोटारीच्या तोंडात घालून फिरवले, तेव्हा मोटार तर सुरू झालीच, पण शेजारच्या पिठाच्या गिरणीचे बंद पडलेले इंजिनही धडधडू लागले. गिरणीवाला ते कबूल करत नाही. न करू दे.

माझा मालक तवनाप्पा. बाहेर कट्ट्यावर पाठमोरा बसला आहे, तोच. बेळगाव स्टेशनाबाहेर त्याची टॅक्सी उभी असे. पाणी गाळून पिणारा, दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस. मला जमिनीवर ठेवण्याआधी तो तिथली मुंगी फुंकर मारून बाजूला करी. अशा माणसाबद्दल लोक काय काय बोलतात, ते तुमच्या कानावर आले असेल. म्हणूनच खरे काय ते मी सांगतो आहे.

त्या काळी हँडल मारल्याशिवाय मोटार जागी होत नसे. एकदा इंजिन सुरू झाले की माझे काम संपले. मग पोत्यात गुंडाळून मी सीटखाली पडून असे. इंजिन बंद झाल्याशिवाय तवनाप्पा मला हात लावत नसे.

गिऱ्हाईक गाडीत बसले की तो मला एका हातात घेऊन समोर उभा राही आणि दुसरा हात पुढे करी. "मोदलु रोक्का," असे आधी कानडीत, मग मराठीत, "आधी रोक्का, मग हँडल." रोक्का म्हणजे रोख पैसे.

एकदा हरिभाऊ वकील पुतण्याच्या लग्नाला निपाणीला निघाले होते. ते चिडले. "मी काय पळून जातोय होय रं?"

"तुम्ही कशाला पळताय, सायेब? गाडी पळती. तुम्ही नुसतं बसून असता."

वकिलांनी अर्धे भाडे दिले. अर्धे वाटेत यमकनमर्डीला देतो म्हणाले, आणि यमकनमर्डी आल्यावर पाकीट घरी राहिले म्हणाले. तवनाप्पाने इंजिन बंद केले, मला बाहेर काढले आणि चिंचेखाली जाऊन मांडीवर घेऊन बसला.

"अरे, मुहूर्त टळतोय."

"टळू द्या की. मी कुठं नवरदेव हाय?"

तासाभराने वकिलांच्या पगडीच्या घडीतून नोटा निघाल्या. असे कितीजण. कुणाचे पैसे मोज्यात सापडत, कुणाचे पानाच्या डब्यात. मला मांडीवर पाहिले की माणसाची आठवण सुधारते, एवढे मी अनुभवाने सांगतो.

पण एकदा तवनाप्पाने नियम मोडला.

आषाढ होता. सून निपाणीला माहेरी बाळंतपणाला गेली होती. दुपारी निरोप आला, ती अडली आहे, डॉक्टर बोलवायचा आहे, पैसे घेऊन या. तवनाप्पाच्या खिशात पेट्रोलपुरतेसुद्धा धड नव्हते. नेमके तेव्हा काळ्या कोटातले एक गृहस्थ गाडीपाशी आले. पाऊस पडत होता आणि त्यांची छत्री कोरडी होती. चिखलातून आले आणि बुटाला चिखल नव्हता. हे मी स्वतः पाहिले.

"निपाणीला पोचल्यावर दुप्पट देतो," ते म्हणाले.

स्टँडवरच्या शामू ड्रायव्हरने तवनाप्पाला बाजूला घेतले. "आप्पा, ह्यानं मला संकेश्वरात बुडवलंय. घेऊ नगं."

"मला आज जायाचंच हाय रं. दुप्पट म्हणतोय त्यो. तेवढ्यात डॉक्टर ईल."

त्या दिवशी त्याने हात पुढे केला नाही. मला मुकाट्याने फिरवले. मी नेहमी पहिल्या फेऱ्यात इंजिन उठवतो. त्या दिवशी सात फेरे लागले.

तवंदीच्या घाटात पोचलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. धुके एवढे दाट, की दिव्यांचा उजेड चार हातांवर अडकून राहिला होता. लोक म्हणतात, तिथे गाडी थांबली. साफ खोटे. चाक क्षणभर थांबले नाही, इंजिन एकदाही बंद झाले नाही. मागच्या सीटवरून ते गृहस्थ म्हणाले, "पैसे न्हाईत माझ्याकडं. काय करशील?"

धुके गाडीत शिरले. निवळले तेव्हा मागची सीट रिकामी होती. दार बंद, छत्री तेवढी उरलेली.

तो माणूस नव्हताच, मित्रांनो. मेलेला माणूस आधी भाडे देऊ शकत नाही. जुने ड्रायव्हर आधी हात पुढे करतात, ते पैशासाठी नव्हे, समोरचा जिवंत आहे ना हे बघण्यासाठी.

निपाणीत डॉक्टर आला. त्याला पैसेही मिळाले, ते कुठून आले हे मला विचारू नका. बाळ रडले. तीच ही ब्राह्मी, तवनाप्पाची नात, आता अकरा वर्षांची होऊन इथे पुढेच बसली आहे. त्या दिवशी तवनाप्पा जेवला नाही. चार दिवसांनी घाटाखाली गुराख्यांना कुणीतरी सापडले. पोलिसांनी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मी रिकामी गाडी घेऊन आलतो." पुढच्या महिन्यात त्याने गाडी विकली. मला मात्र विकले नाही, फेकलेही नाही. या खुंटीला टांगले आणि पुन्हा कधी शिवला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना भंगारात घालू नका. आम्ही तुमच्या घराची इज्जत राखली आहे. मला तेल लावा, फडक्याने पुसा. या टोकाचा काळा डाग तेवढा खरवडू नका, तो गंज आहे. त्या धुक्याचा गारवा अजून माझ्या अंगात आहे. घाटात तवनाप्पाची मूठ अशी ओली होती, की मी दोनदा तिच्यातून निसटता निसटता राहिलो.

"आज्जाच्या मुठीतनं?" ब्राह्मीने विचारले.

तर काय, मी म्हणालो, घट्ट धरले होते मला.

बाहेर कट्ट्यावर तवनाप्पाची पाठ ताठ झाली.

"खोटं बोलतोस तू," ब्राह्मी म्हणाली. "घाटात इंजन बंदच झालं न्हाय म्हणालास. मग आज्जानं तुला हातात कशाला घेतलं व्हतं?"