हद्दपार केलेल्या साखरेच्या डब्याची कैफियत

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी एक जुना साखरेचा डबा आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. डब्याला डोकं नसतं, झाकण असतं, हे मलाही कळतं. मग झाकण फिरलंय असं समजा. वीस वर्षं पोटात साखर बाळगली म्हणून माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. माझ्यावर अन्याय झाला आहे. त्याहून मोठा अन्याय एका भल्या माणसाच्या डोळ्यांवर झाला आहे आणि तो सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातला. पत्र्याचा एक गोल तुकडा, यंत्राचा एक दणका, की झाला डबा तयार. झाकणं तपासायला एक बाई बसायच्या. त्या झाकण दाबून बसवायच्या आणि मग नुसतं झाकण धरून आख्खा डबा उचलायच्या. खाली पडला की तो बाद. मी पडलो नाही. बाईंनी मला पास झालेल्या रांगेत ठेवलं तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

मला विकत घेतलं ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसानं आणि त्याच्या बायकोनं. त्यांचा नवा संसार होता. बाईंनी मला बोटानं टकटक वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, हा घेऊ या. ह्यात मुंगीसुद्धा शिरणार नाही." शिरली नाहीच. ओट्यावरच्या फळीवर माझी जागा मानाची होती. पाहुणे आले की पहिला हात माझ्याकडे यायचा. मुलीला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा चिमूटभर साखर माझ्यातूनच तिच्या तोंडात गेली. घरात आनंद झाला की माझी आठवण व्हायची, असे ते दिवस होते.

मी अगदी धुतल्या तांदळासारखा आहे असं मी म्हणणार नाही. घड्याळजींना दिवसाला पाच कप चहा लागायचा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर. चमचा माझ्याच पोटातून निघायचा. तेवढा दोष माझा. पण तेवढाच!

घड्याळजी अठ्ठेचाळीस वर्षांचे झाले आणि त्यांना सारखी तहान लागू लागली. संध्याकाळी ते गळून जायचे. रक्त तपासलं तर मधुमेह निघाला, दुसऱ्या प्रकारचा. त्यांच्या वडिलांनाही तो होता. डॉक्टरांनी एका कागदावर सहा गोष्टी लिहून दिल्या होत्या. वेळेवर गोळ्या, रोजचं चालणं, ताटातला बदल, पुरेशी झोप, पायांची काळजी आणि वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी. बाईंनी तो कागद माझ्यासमोर मोठ्यानं वाचला. मग ताटातला बदल म्हणजे साखर बंद, एवढाच अर्थ काढला आणि कागद घडी घालून ठेवून दिला.

"ह्या डब्यानंच घात केला," असं म्हणून त्यांनी मला फळीवरून खाली ओढलं. साखर शेजारणीला देऊन टाकली. मला घासून पुसून घड्याळजींच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हा दुकानात न्या. घरात नजरेसमोर नको." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, जणू काही माझ्याबरोबर आजारही उंबरठ्याबाहेर गेला. वीस वर्षांच्या नोकरीचं हे बक्षीस!

दुकानात माझ्या पोटात घड्याळांचे जुने पट्टे भरले आणि मला कामाच्या टेबलावर, दिव्याशेजारी ठेवलं. तिथून मला सगळं दिसत होतं. बोलता मात्र येत नव्हतं.

काय दिसत होतं म्हणता? घड्याळजी सकाळी नऊला खुर्चीत बसायचे ते संध्याकाळी सातला उठायचे. घरून डबा यायचा, त्यात उकडलेला दुधी आणि मीठ विसरलेली डाळ. घरचे मात्र नेहमीसारखंच जेवायचे. घड्याळजी दोन घास खाऊन डबा बाजूला सारायचे. चार वाजता पोटात कावळे ओरडायला लागले की खणातून बिस्किटं निघायची. पुडक्यावर 'साखरविरहित' असं ठसठशीत लिहिलेलं! आख्खं पुडकं संपायचं. वर फळांच्या रसाची मोठी बाटली. गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "साखरेचा कणसुद्धा घेत नाही हो मी. वर्ष झालं." आणि गिऱ्हाईक कौतुकानं मान हलवायचं. अहो, त्या मैद्याची पोटात गेल्यावर साखरच होते ना? बाटलीतला रस काय कारल्याचा होता? मी आतल्या आत धुमसत राहायचो.

त्यात बाईंचा भाऊ एक दिवस हिरव्या भुकटीची बाटली घेऊन आला. "भाऊजी, ह्या भुकटीनं माझ्या साहेबांचा मधुमेह मुळासकट गेला. गोळ्या कशाला खाता? सवय लागते." घड्याळजींना गोळ्यांचा कंटाळा आलेलाच होता. त्यांनी गोळ्यांची पाकिटं खणात मागे ढकलली. ज्या माणसानं आयुष्यात स्वतःच्या घड्याळाचा सेलसुद्धा बदलला नाही, त्याच्या शब्दावर औषध बंद! मला त्या वेळी हात असते तर ती बाटली मी रस्त्यावर भिरकावली असती.

हळूहळू घड्याळजींची नजर अंधुक होऊ लागली. आधी त्यांनी दिवा बदलला. मग भिंग बदललं. मग कंपन्यांना बोल लावला, "हल्ली स्क्रूच बारीक करतात मेले." डोळ्यांची तपासणी त्या कागदावर लिहिलेली होती आणि कागद घरात घडी घालून पडला होता. घरी त्यांनी चकार शब्द काढला नाही. दुकान चालतं ते डोळ्यांवर, आणि डोळे गेले तर काय, हा विचार त्यांना इतका छळत होता की तो बोलून दाखवायचंही त्यांना भय वाटत होतं.

एके दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई आपल्या वडिलांचं घड्याळ घेऊन आल्या. त्या समोर बसल्या असतानाच घड्याळजींचा चिमटा चुकला आणि आतली केसासारखी स्प्रिंग दुमडली. घड्याळजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"माफ करा हो, हात सटकला," ते म्हणाले.

"हात नाही सटकला," म्हाताऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला ती दिसलीच नाही. मी पन्नास वर्षं सुईत दोरा ओवतेय, मला कळतं. घरी सांगितलंत?"

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग उतरवून टेबलावर ठेवलं.

"मग मी सांगते," म्हणून त्या उठल्या, आणि खरोखरच घरी गेल्या.

तासाभरात घड्याळजींच्या पत्नी दुकानात आल्या. आल्या त्या थेट खणाकडे. बिस्किटांची पुडकी, रसाची बाटली, हिरवी भुकटी, न उघडलेल्या गोळ्या, सगळं त्यांनी टेबलावर मांडलं.

"अहो, हे काय आहे? मी घरातून साखरेचा डबा काढला तो काय शोभेसाठी?"

"डबा काढलास," घड्याळजी पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले, "आणि मलाही ताटावरून काढलंस! तुम्ही सगळे एक जेवता आणि माझ्यापुढे दवाखान्याची वाटी. भूक लागते गं मला. चोरून नको खाऊ तर काय करू?"

"माझ्यावर नका ढकलू! गोळ्या पण मीच लपवल्या का?"

"नाही. त्या मी लपवल्या." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मला उजव्या डोळ्यानं नीट दिसत नाही गं."

बाईंनी दुकानाचं शटर ओढलं आणि नवऱ्याला हाताला धरून घेऊन गेल्या.

पुढचं मला कळलं ते दोघांच्या बोलण्यातून. डोळ्यांच्या पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके आले होते. लेझरचे उपचार करावे लागले. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "गेलेली नजर पूर्ण परत येईल असं वचन मी देणार नाही. उरलेली राखायची असेल तर आजपासून हलायला लागा." आणि बाईंना त्या म्हणाल्या होत्या, "वेगळं शिजवू नका. सगळ्यांनी तसंच जेवा."

घरात आता सगळ्यांचं जेवण एकच असतं. अर्धं ताट भाज्या, पाव ताट डाळ किंवा अंडी, उरलेल्या जागेत थोडा भात. भाजीला फोडणी असते, डाळीत मीठ असतं, आणि डबा रिकामा परत जातो. गोळ्या वेळेवर घेतल्या जातात. जेवणानंतर पंधरा मिनिटं दुकान बंद ठेवून घड्याळजी चालायला जातात. दुकानात गजराच्या घड्याळांना काय तोटा? दर अर्ध्या तासानं एक वाजतं आणि घड्याळजी खुर्चीतून उठतात. सुरुवातीला गिऱ्हाइकं हसायची. मध्ये एका लग्नात घड्याळजींनी दोनदा गोड वाढून घेतलं. बाईंनी आकांडतांडव केलं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा रोजचा क्रम सुरू झाला. आठ महिन्यांत रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी डॉक्टरांना हवी होती तिथे आली. डोळे आणखी बिघडलेले नाहीत.

पण सुधारलेलेही नाहीत, मित्रांनो. उजव्या डोळ्यापुढचं धुकं कायमचं राहिलं. बायकांची नाजूक घड्याळं, जी दुरुस्त करण्यात घड्याळजींचा हात कुणी धरू शकत नव्हतं, ती आता ते दुसऱ्या कारागिराकडे पाठवतात. मला हद्दपार करून घर ज्या वर्षी निश्चिंत झोपलं, ते वर्ष एका कारागिराची अर्धी कला खाऊन गेलं. हे आठवलं की अजून माझा पत्रा तापतो.

परवाच एक गृहस्थ बायकोचं इवलंसं घड्याळ घेऊन आले. घड्याळजींनी ते उलटसुलट पाहिलं आणि परत केलं. "हे माझ्याच्यानं होणार नाही. मधुमेहानं डोळा अधू झालाय."

गृहस्थ मोठ्या शहाणपणानं म्हणाले, "वेळेवर साखर सोडायची होती हो."

मी संतापानं फुटायचाच बाकी होतो. घड्याळजी मात्र चिडले नाहीत.

"साखर वेळेवरच सोडली होती," ते म्हणाले. "बाकी काहीच केलं नव्हतं."

तेवढ्यात गजर वाजला. घड्याळजी उठले, चपला घातल्या आणि त्या गृहस्थांना म्हणाले, "येता का? कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ." गृहस्थांनी आपल्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाले, "नको, मी बसतो इथेच." आणि माझ्यासमोर ऐसपैस बसले.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला हा आजार झाला तर त्याला दोष देऊ नका, त्याला वेगळं ताट वाढू नका आणि त्याचं औषध कुणा सोम्यागोम्याच्या सांगण्यावरून बंद करू नका. त्याच्याबरोबर जेवा, त्याच्याबरोबर चाला, त्याचे डोळे आणि पाय तपासायला त्याच्याबरोबर जा. डबा घराबाहेर टाकायला एक मिनिट लागतं. बाकीचं रोज करावं लागतं, म्हणून तर माणसं डबा टाकून मोकळी होतात. मला शिव्या घालायच्या असतील तर खुशाल घाला. फक्त आधी खुर्चीतून उठा.